चहा कोणी दिला

सगुणाने टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर ओढून काढली, तिचं टोक खिडकीच्या गजांतून बाहेर सारलं आणि पदराला हात पुसत ती सैपाकघरात आली. चुलीवर भात रटरटत होता. विमल केळीच्या पानावर वडे थापत बसली होती. तिने मान वर करून आईकडे पाहिलं.

"टीव्ही बिघडलाय," सगुणा म्हणाली. "कोणी विचारला तर सांग. सकाळपासून बंद हाय."

"बरा."

"आणि हाक मारल्याबिगर भायेर यायचा नाय."

"बरा, आये."

विमल हल्ली सगळ्याला 'बरा' म्हणे. वर्षापूर्वी हीच पोरगी एका शब्दाला चार शब्द ऐकवायची. आता तिच्याशी भांडायचीही सोय राहिली नव्हती. सगुणाने वड्यांचं पीठ चिमटीत घेऊन चाखलं, मीठ बरोबर होतं, तरी 'मीठ बघ जरा' असं पुटपुटली आणि बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली.

आज पालीहून गोदूबाई येणार होत्या, सोबत त्यांचे भाऊ केरूनाना. गोदूबाईंचा मुलगा हरिश्चंद्र मुंबईला बंदरात नोकरीला होता. त्याने दिवाळीत विमलला पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी पसंती कळवली. आता उरली होती फक्त तारीख. आज तारीख ठरवायची, विमलची ओटी भरायची आणि तोंड गोड करायचं. सगुणाचा नवरा गंगाराम बोटीवर होता, कुठल्या समुद्रात ते त्याचं पत्र आल्यावर कळायचं. त्यामुळे बोलणी करायला थोरले दीर आप्पा होते. आणि आप्पांनीच, मोठ्या हौसेने, बुधवार ठरवला होता.

"पालीत टीव्हीला मुंबई केंद्र लागत नाय," ते सगुणाला म्हणाले होते. "नानांना बुधवारची मालिका बघायचीय. आपल्याकडे समुद्रावरून चित्र कसा लखलखीत येतंय! बघू देत की त्यांना पण."

ही बुधवारची तपासाची मालिका त्या काळात अख्ख्या गणपतीपुळ्याला चढली होती. सुरुवातीला पाटी यायची, की यातली सगळी पात्रं काल्पनिक आहेत. लगेच खालून दुसरी पाटी यायची, की ही कथा सत्य घटनेवर आधारित आहे. पेपरात कुणा नामांकित माणसाचं काही बरंवाईट झालेलं आलं, की वर्ष-सव्वा वर्षात नाव बदलून ते टीव्हीत यायचं. लोकांनाही तेच हवं असायचं. हा अमका, ती तमकी, असं ओळखण्यातच निम्मी गंमत होती. सगुणानेही ती गंमत पुष्कळ केली होती. गेल्या बुधवारपर्यंत.

गेल्या बुधवारी भाग संपल्यावर पुढच्या भागातली चित्रं दाखवली. आधी समुद्र, मग देवळाचा कळस. मग एका घराच्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर कपबशी घेऊन उभी असलेली एक मुलगी.

"अगो, ही तर तुझी खानावळ!" शेजारची हौसा ओरडली होती.

गेल्या वर्षीच्या श्रावणात श्रीरंग मुळ्ये याच घराच्या, पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या, कोपऱ्यातल्या खोलीत उतरला होता. नाटक-सिनेमातला एवढा मोठा नट, पण टोपी घालून, चष्मा लावून आला, आणि 'मला ओळखू नका' म्हणाला. चौथ्या दिवशी पहाटे तो घराबाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी समुद्राने त्याला मालगुंडच्या बाजूला आणून टाकलं. पोलिसांनी अपघात लिहिला. पेपरांचं त्याने भागेना. पेपरांनी आधी दारू लिहिली, मग कर्ज लिहिलं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून त्याच्या बायकोवर बोट ठेवलं. तिच्याशी पटत नव्हतं म्हणून त्याने जीव दिला, हे मग असं पक्कं झालं की शाळेतली पोरंसुद्धा सांगू लागली. तिचा एक फोटो आला होता, पदराने तोंड झाकलेला.

पंचनाम्यात सगुणाची जबानी होती. पहाटे चहा मी दिला. तो काही बोलला नाही. चहा प्याला आणि गेला. मुलगी झोपली होती.

यातलं 'चहा प्याला आणि गेला' एवढंच खरं होतं. सगुणा त्या दिवशी तापाने फणफणून गोधडीखाली पडली होती. चहा विमलने दिला होता. पण लग्नाची पोर, आणि समोर नट, तोही पहाटे, तोही एकटा. पोलिसांच्या कागदावर तिचं नाव चढलं असतं तर उद्या ते पेपरात चढलं असतं, आणि पेपरात चढलेली पोर मग कुठल्या घरचा उंबरा चढणार होती? पोलीस दाराशी येण्याआधी सगुणा तापातच उठली आणि विमलचं मनगट धरून तिला म्हणाली, "तू काय बघितलंस नाय. तू झोपलेलीस." त्यानंतर विमलने एकदोनदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेव्हाही सगुणाने तिला गप्प केलं. जे ऐकलंच नाही ते चुकून तोंडातून जात नाही, असा तिचा हिशेब होता. आणि हे दोघींपलीकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग टीव्हीवाल्यांना कपबशीवाली मुलगी कुठून मिळाली? आठ दिवस सगुणाला झोप नव्हती.

पाहुणे दिवेलागणीला आले. मालगुंडात त्यांचा भाचा होता, त्याच्याकडे सामान टाकून चालतच आले. गोदूबाई हसऱ्या होत्या. हसल्या की त्यांचं सगळं अंग हलायचं. केरूनाना कमी बोलायचे आणि बोलण्याआधी तपकीर ओढायचे. त्यांच्या खांद्याच्या पिशवीतून साडीची जरीची किनार आणि नारळाची शेंडी दिसत होती. ती पाहून सगुणाच्या जिवात थोडा जीव आला.

"टीव्ही नाय लावलात?" बसल्या बसल्या नानांनी विचारलं.

"बिघडलाय ओ. सकाळपासून नुसत्या मुंग्या."

"काय सांगतेस!" आप्पांना तो घराण्याचा अपमान वाटला. ते तडक उठले, टीव्हीमागे वाकले आणि विजयी मुद्रेने वर आले. "वायर निसटलीय गो! खिडकीतून भायेर गेलीय. उंदराने ओढलान असणार. तुम्हा बायकांना यातला काय कळत नाय."

सगुणा हसली. दुसरं काय करणार?

साडेआठला माजघर भरलं. बाबू आला, तो पंचवीस वर्षं होडीवर होता आणि तेवढीच वर्षं सगळ्यांची चेष्टा करत होता. त्याची बायको हौसा आली, तिच्यामागून आळीतली आणखी माणसं आली. सगुणा गोदूबाईंच्या शेजारी बसली, म्हणजे पडद्यापेक्षा त्यांच्या तोंडाकडे बघता येईल.

आधी एक पाटी आली, मग दुसरी.

पडद्यावर खानावळीची मालकीण आली. बाई आडव्या अंगाची होती, तोंडात पानाचा तोबरा होता आणि पहाटे पाच वाजता नाकात भलीमोठी नथ घालून ती भांडी घासत होती.

"सगुणा, ही नथ कधी केलीस गो? आम्हाला नाय दाखवलीस ती?" हौसा म्हणाली.

सगळे हसले. सगुणाही हसली. 

मग ती मुलगी आली. मोकळे केस, पायात पैंजण. ती चहा घेऊन नटाच्या खोलीपाशी गेली, दारात घुटमळली आणि आत गेली. दार लागलं. वाजणाऱ्या पैंजणांचा आवाज थांबला आणि माजघरातल्या माणसांचा पण थांबला. कोणीतरी हळूच सैपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ते पाहणं सगुणाला पाठीवर जाणवलं.

केरूनानांनी पडद्यावरची नजर काढली नाही. तपकिरीची चिमूट मात्र नाकापाशी नेऊन तशीच धरली.

"तेंव्हा तुमच्याकडे चहा कोण देत होता?"

"मीच," सगुणा म्हणाली. "आणि कोण देणार? पोलिसांच्या कागदावर हाय ता."

"आणि पोर?"

"ती झोपलेली ओ. तिला काय ठाऊक नाय."

"बरोबर," आप्पा म्हणाले. "कागदावर हाय."

नानांनी चिमूट ओढली.  पदराचं टोक बोटाला गुंडाळत गोदूबाई पडद्यावरच्या बंद दाराकडे बघत राहिल्या. आज ही पिशवी उघडली नाही तर पुन्हा कधीच उघडायची नाही, हे सगुणाला कळत होतं. तिने मनातल्या मनात डोंगरातल्या गणपतीला हात जोडले. लबाडीसाठी देवाला हाक मारताना तिला लाजही वाटली, पण हाक मारली.

पडद्यावर कोंबडा आरवला. पहाट झाली. नट एकटाच वाळूतून चालत निघाला आणि त्याच्यासमोर, पाण्याला टेकलेला, भलामोठा अर्धा सूर्य दिसला.

"अरे थांबा!" बाबू गुडघ्यावर उठून बसला. "सूर्य समुद्रातून उगवला!"

क्षणभर कोणाला कळलं नाही.

"अरे, जन्म गेला माझा त्या पाण्यात. त्याला रोज बुडताना बघतंय. वर येताना आजच बघितला!"

आणि मग हास्याचा जो काही गडगडाट झाला, तो थांबेना. हौसा भिंतीला टेकली. आप्पा मांडीवर थापा मारू लागले. केरूनानांना हसताना शिंक आली आणि शिंकताना हसू आलं.

"मेल्यांनी संध्याकाळी फोटू काढलानी," गोदूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आणि कोंबडा आरवायला लावलानी!" त्यांनी सगुणाच्या गुडघ्यावर थाप मारली. "ज्यांना सूर्य कुठं उगवतो ता ठाऊक नाय, ते आपल्याला काय सांगणार गो? सगळा खोटा. एकूण एक खोटा."

"तर काय!" सगुणा म्हणाली. आठ दिवसांचं ओझं त्या एका थापेने खाली उतरलं. कपबशीवाली मुलगी त्यांनी मनातूनच काढलेली होती, जशी नथ काढली तशी. मोकळे केस काय, पैंजण काय! तिला एकाएकी भूक लागली. पाच मिनिटांत मालिका संपेल, मग पानं घेऊ, मग ओटी, मग तारीख. माघातली चांगली.

मालिकेतल्या तपास करणाऱ्या पोलीस साहेबांनीसुद्धा तिच्या मनासारखंच केलं. त्यांनी खानावळीच्या मालकिणीला सोडलं, मुलीला सोडलं. मुलगी रडत रडत त्यांना सांगू लागली, की मी खोलीत गेले ती त्याला समजवायला. मग तो शेवटचा प्रसंग दाखवला. नट बाटली घेऊन पायरीवर झोकांड्या खात उभा आहे आणि म्हणतो आहे, "माझ्या बायकोनं मला जगणं नकोसं केलं गं. मला आता परत जायचंच नाही." आणि तो समुद्राकडे चालू लागतो. तिकडे मुंबईत त्याची बायको आरशासमोर बसून तोंडाला पावडर लावते आहे. साहेब तिच्यामागे उभे राहून म्हणतात, की बाई, कायदा तुम्हाला हात लावू शकत नाही, पण खून तुम्हीच केलात.

"सटवी मेली," हौसा म्हणाली.

"अशीच असणार ती," गोदूबाई म्हणाल्या. "फोटूत तोंड कशाला झाकलान मग?"

बायका चुकचुकल्या. सगुणाचीही जीभ चुकचुकली आणि ती पानं घ्यायला उठू लागली.

"तसा नाय बोल्लेले ते."

आवाज मोठा नव्हता. विमल सैपाकघराच्या दारात उभी होती, हातात पाण्याचे तांबे होते. कधीची उभी होती कोण जाणे.

"विमल, आत जा," सगुणा म्हणाली.

विमल आत गेली नाही. तिने तांबे खाली ठेवले. "दारू प्यालेले नव्हते ते. अंघोळ करून बसलेले. बोल्लेले, डोंगराची प्रदक्षिणा घालून येतो, दुपारी जेवायला हाय मी. अळूचा फदफदा कर, मुंबईत मिळत नाय. परत जायचा नाय असा नाय बोल्लेले. जेवायला येतो बोल्लेले."

आप्पांनी हात लांब करून टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर नावं वर सरकत होती.

"तुला गो काय ठाऊक?" केरूनानांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

सगुणाने त्या एका क्षणात लेकीकडे जसं बघितलं, तसं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. त्या बघण्यात धमकी होती, विनवणी होती, जोडलेले दोन्ही हात होते. विमलला ते सगळं दिसलं. 

"चहा मी दिलेला," ती म्हणाली. "आये तापाने पडलेली."

बाबू कशाचीही चेष्टा करायचा. तो खाली मान घालून चटईची काडी उपटत बसला. हळूहळू आळीतली माणसं उठली. कोणी कोणाला 'येतो' म्हटलं नाही. हौसा जाताना सगुणाच्या दंडाला हात लावून गेली.

"म्हणजे कागदावर आईचा नाव," केरूनाना म्हणाले, "आणि शेवटची गाठ हिची."

"नाना, पोर हाय ती," आप्पा म्हणाले. "काहीबाही बोलते. तुम्ही जेवायला बसा. वडे गरम हायत."

"नको. जेवण राहू द्या. मालगुंडात वाट बघत असतील." त्यांनी पिशवी उचलून खांद्याला लावली. "घरी बोलतो, मुलाला विचारतो. आणि कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, ते कोकणात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आप्पा बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. गोदूबाई पायऱ्यांपाशी थांबल्या. त्यांनी वळून विमलकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आणि तेच सगुणाला जास्त लागलं. त्या काही बोलतील असं वाटलं. पण खालून नानांनी हाक मारली आणि त्या पायरी उतरल्या.

सगुणा सैपाकघरात आली. वड्यांची परात भरली होती, खीर झाकून ठेवलेली होती. सहा पानं मांडलेली होती, त्यांच्या कडेने विमलने रांगोळीची रेघ ओढली होती. सगुणाचा हात वर गेला. तो विमलच्या गालापर्यंत गेला नाही. भिंतीवर आपटला.

"वर्षभर गप्प बसलीस!" ती ओरडली. "आणखी अर्धा तास बसवत नव्हता तुला? अर्धा तास! सगळे हसत होते गो. गोदूबाय हसत होती. तारीख ठरत होती तुझी!"

"ठाऊक हाय."

"मग?"

"त्या बाईला सटवी बोलली सगळी," विमल म्हणाली. "तू पण."

 सगुणा चुलीपाशी पाटावर बसली. आपली जीभ चुकचुकली होती, ते तिला आता आठवलं. बायकांच्यात बसलं की चुकचुकते, त्यात काय एवढं, असं तिला म्हणायचं होतं.

"त्या दिवशी मी फदफदा केलेला," विमल म्हणाली. ती उभीच होती, भिंतीशी. "ताट वाढून झाकून ठेवलेला. तू दुपारी उठलीस आणि विचारलंस, हा कोणाचा म्हणून. मी सांगायला गेले, तर बोल्लीस, तोंड उघडू नको. ताट उचललंस आणि गाईला घातलंस."

सगुणाला ते ताट आठवलं. वर पितळेचं झाकण होतं. पोर जेवली नाही म्हणून ती त्या तापात चिडली होती. त्याच वेळी खाली समुद्राच्या पुळणीवर माणसं जमली होती आणि कोणीतरी धावत सांगत आलं होतं, की तुमच्या पाव्हण्याची टोपी सापडली. ताटाचं पुढे कधी मनातसुद्धा आलं नाही.

भाताखालचा विस्तव निवत चालला होता. बाहेर आप्पांच्या वहाणा वाजल्या, ते आत डोकावले, दोघींकडे बघितलं आणि आपल्या घराकडे गेले. सगुणाने पदराने तोंड पुसलं. वर्षभरात जे एकदाही विचारलं नव्हतं, ते विचारायला तिला जड जात होतं.

"बस," ती म्हणाली. "आणि काय बोल्लेले?"

विमल बसली. आधी ती नुसतीच हाताला लागलेलं पीठ खरवडत राहिली. सगुणाने घाई केली नाही.

"कपबशी आपणच विसळून दिलानी. मी बोल्ले, ठेवा हो, तर बोल्ले, घरी पण मीच विसळतो." विमलने बोटावरचं पीठ चुलीत झटकलं. "आणि बोल्ले, दिवाळीला ही कोपऱ्यातली खोली ठेव. बायकोला घेऊन येतो. तिला माझ्याशी बोलायचंय, मी ऐकत नाय, इथं आलो की ऐकीन. तिला गर्दीचा त्रास होतो, इथं तिला बरा वाटेल. नक्की ठेव, बोल्ले. मी बोल्ले, आयेला सांगते."

"मग?"

"मग तू सांगू दिलंस नाय."

 सगुणा उठली. परातीतले वडे तिने एका फडक्यात बांधायला घेतले, एकावर एक, नीट, प्रवासाला बांधतात तसे.

"सकाळच्या गाडीने रत्नागिरीत जाऊ," ती म्हणाली. "तिथून मुंबईची गाडी मिळेल."

"मुंबईत? कशाला? हरिश्चंद्राला भेटायला?"

"त्याला कशाला?" सगुणाने फडक्याची गाठ मारली. ती नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा मारली. "त्या बाईचा घर शोधू. तो जेवायला येणार होता, ता तिला कोणी सांगितलाच नसेल."